बूटलोडर हटवण्याआधी दुसरी वाट तयार हवी

प्रतिनिधी

संगणकाचे बटण दाबावे, कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर क्षणभर झळकावे आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दोन शब्द उमटून संगणकाने तेथेच थांबावे, हा अनुभव लिनक्स वापरून पाहिलेल्या अनेकांच्या वाट्याला आलेला आहे. आदल्या रात्रीपर्यंत संगणक व्यवस्थित चालत असतो. लिनक्सचा वापर होत नाही, जागा मात्र अडून राहिली आहे, म्हणून विंडोजमध्ये जाऊन हार्ड डिस्कवरील लिनक्सचा भाग पुसून टाकलेला असतो. विंडोजला हातही लावलेला नसतो. तरीही दुसऱ्या दिवशी विंडोज सुरू होत नाही.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी नेमके हेच घडले. त्या संगणकावर वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि दहा वर्षांची छायाचित्रे होती. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या तंत्रज्ञाने संगणक पाहिला आणि 'हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागेल' असा निर्णय दिला. सुदैवाने तो सल्ला त्याच दिवशी अमलात आला नाही. पेन ड्राइव्हवरील लिनक्सच्या साहाय्याने संगणक सुरू करून पाहिला, तेव्हा सर्व फाइली जागच्या जागी सुरक्षित असल्याचे आढळले. बिघाड माहितीत नव्हताच. माहितीपर्यंत नेणारी वाट तेवढी बंद झाली होती.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा थांबवली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे जुने संगणक लिनक्सवर चालवून पाहण्याकडे तेव्हापासून अनेकांचा कल आहे. त्यातील काही जण लिनक्सवर स्थिरावतील, काही पुन्हा माघारी वळतील. दोन्ही प्रकारच्या वापरकर्त्यांना कधी ना कधी बूटलोडर या गोष्टीशी गाठ घालावी लागते. म्हणूनच हा बूटलोडर म्हणजे काय, तो काढता किंवा टाळता येतो का आणि तसे करताना कोणता क्रम पाळावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

बूटलोडर नेमके काय करतो?

संगणक बंद असतो तेव्हा त्याच्या स्मृतीत काहीही नसते. विंडोज असो वा लिनक्स, सारी प्रणाली हार्ड डिस्कवर निद्रिस्त असते. बटण दाबल्यावर सर्वप्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्रॅम. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणतात, नव्या संगणकांत यूईएफआय. कळफलक, पडदा, स्मृती आणि डिस्क जागेवर आहेत की नाहीत, याची तपासणी करून तो पुढील सूत्रे दुसऱ्याच्या हाती सोपवतो. लिनक्सच्या बाबतीत हा दुसरा बहुधा बूटलोडर असतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवरून शोधून काढतो, स्मृतीत चढवतो आणि त्याला कामाला लावून स्वतः बाजूला होतो.

हे सारे काही सेकंदांत आटोपते. त्यानंतर दिवसभर संगणक वापरला तरी बूटलोडरचा संबंध येत नाही. त्यामुळे तो अनावश्यक आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो साखळीतील एक कडी आहे. कडी काढायची असेल, तर तिच्या अलीकडील आणि पलीकडील कड्या परस्परांना जोडल्या गेल्या आहेत याची खात्री आधी करावी लागते. या लेखाचे सार एवढेच आहे. पुढील सर्व तपशील त्याचेच स्पष्टीकरण होय.

लिनक्सच्या आरंभीच्या काळात 'लिलो' हा बूटलोडर सर्वत्र प्रचलित होता. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी तो १९९० च्या दशकाच्या प्रारंभी लिहिला आणि पुढे इतरांनी सांभाळलेल्या या प्रकल्पाचे काम २०१५ च्या अखेरीस थांबले. आज बहुसंख्य संगणकांवर 'ग्रब' असतो. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' हे त्याचे पूर्ण नाव भौतिकशास्त्रातील 'ग्रँड युनिफाइड थिअरी' या संज्ञेवरून विनोदाने घेतलेले आहे. नव्याने लिहिलेली त्याची दुसरी आवृत्ती उबुंटूने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या ९.१० या आवृत्तीपासून स्वीकारली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली.

४४६ बाइटचा प्रश्न

ग्रब काढल्यावर विंडोज का अडते, हे समजण्यासाठी जुन्या बायोसच्या पद्धतीकडे पाहावे लागते. ही पद्धत १९८३ मध्ये, आयबीएमच्या पीसीला हार्ड डिस्कची जोड मिळाली तेव्हा रूढ झाली. बायोसला फाइल, फोल्डर, विंडोज, लिनक्स यांपैकी काहीही कळत नाही. त्याला एकच गोष्ट ठाऊक असते. डिस्कवरचा पहिला कप्पा उघडायचा आणि त्यात जे लिहिले असेल ते चालवायचे.

हा पहिला कप्पा, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, केवळ ५१२ बाइटचा असतो. त्यातील पहिले ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी राखलेले असतात. पुढील ६४ बाइटमध्ये डिस्कचे भाग कोठे सुरू होतात आणि केवढे आहेत याचा तक्ता असतो. अखेरचे दोन बाइट हा कप्पा वैध असल्याची खूण म्हणून असतात.

एवढ्या लहान जागेत ग्रबसारखा प्रोग्रॅम मावणे शक्यच नसते. म्हणून ग्रब स्वतःची विभागणी करतो. पहिला तुकडा त्या ४४६ बाइटमध्ये बसतो. दुसरा तुकडा पहिला कप्पा आणि डिस्कचा पहिला भाग यांच्यामधील मोकळ्या जागेत असतो. यादी दाखवणारा उर्वरित मोठा तुकडा मात्र लिनक्सच्या भागातच, 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये राहतो.

आता लिनक्सचा भाग पुसला, तर काय होते ते पाहा. पहिले दोन तुकडे जागेवर राहतात, कारण ते त्या भागात नव्हतेच. बायोस नेहमीप्रमाणे पहिला तुकडा चालवतो. तो दुसऱ्याला बोलावतो. दुसरा तिसऱ्याचा शोध घेतो आणि त्याला रिकामी जागा सापडते. तेथे तो 'ग्रब रेस्क्यू' म्हणून थांबतो. विंडोज शेजारच्या भागात पूर्णपणे शाबूत असते, परंतु तिला हाक मारणारेच कोणी उरलेले नसते.

याच ठिकाणी आणखी एक, अधिक घातक चूक संभवते. पहिल्या कप्प्यातील ग्रब पुसण्यासाठी लिनक्समधील 'डीडी' या कमांडचा वापर करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ही कमांड सांगितलेले बाइट सांगितलेल्या जागी न विचारता लिहिते. तिला ४४६ आकडा दिला, तर केवळ प्रोग्रॅम पुसला जातो. चुकून ५१२ दिला, तर त्यासोबत डिस्कच्या भागांचा तक्ताही नाहीसा होतो आणि संगणकाच्या दृष्टीने डिस्क रिकामी होते. तक्ता पुन्हा उभारणारी साधने उपलब्ध आहेत आणि फाइली लगेच नष्ट होत नाहीत, हे खरे. तथापि घाबरलेल्या अवस्थेत त्याच डिस्कवर नवी प्रणाली बसवली, तर नुकसान कायमचे होते. डिस्कचे नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली, तर शेजारची दुसरीच डिस्क बळी पडू शकते. नवख्या वापरकर्त्याने ही कमांड टाळणेच श्रेयस्कर.

ग्रबचे पॅकेज लिनक्समधून काढून टाकले म्हणजे बूटलोडर गेला, हाही एक गैरसमज आहे. पॅकेज काढल्याने ती बसवण्याची आणि अद्ययावत करण्याची साधने जातात. पहिल्या कप्प्यात पूर्वी लिहिलेले बाइट तसेच राहतात. ते बदलायचे, तर त्यांच्या जागी दुसरे काही लिहावे लागते.

यूईएफआयने बदललेले चित्र

बायोसच्या मर्यादा ओळखून इंटेलने १९९० च्या दशकात नवी पद्धत आखण्यास सुरुवात केली. २००५ मध्ये तिचे सूत्रसंचालन अनेक कंपन्यांच्या यूईएफआय फोरमकडे गेले आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ नंतर ती घरगुती संगणकांत सर्वत्र दिसू लागली.

यूईएफआयला फाइल आणि फोल्डर वाचता येतात, हा मुख्य फरक. डिस्कवर त्यासाठी एक छोटा स्वतंत्र भाग राखलेला असतो. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन किंवा संक्षेपाने ईएसपी म्हणतात. विंडोजचा बूटलोडर तेथे 'मायक्रोसॉफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये राहतो, उबुंटूचा ग्रब 'उबुंटू' नावाच्या फोल्डरमध्ये. दोघे एकमेकांना पुसत नाहीत. कोणाला आधी बोलवायचे याची यादी मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदलेली असते. लिनक्स बसवताना ग्रब आपले नाव या यादीत सर्वांत वर घालतो. एवढ्यानेच संगणक सुरू होताना तो प्रथम दिसू लागतो.

याचा अर्थ असा की, यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर लिनक्सचा भाग पुसल्यानंतर ग्रब अडकला, तरी विंडोजचा बूटलोडर बहुधा सुखरूप असतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि बोधचिन्ह दिसत असताना बूट मेनूची कळ दाबावी. ही कळ संगणकानुसार एफ १२, एफ ९, एफ ८ किंवा एस्केप अशी वेगवेगळी असते. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव दिसले, तर ते निवडताच विंडोज सुरू होते. फॉरमॅट करण्याचे कारण उरत नाही.

आधी ओळख, मग कृती

कोणतीही कृती करण्यापूर्वी आपला संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो, हे पाहावे. विंडोजमधील 'सिस्टीम इन्फर्मेशन' या खिडकीत 'बायोस मोड' अशी ओळ असते. तिच्यासमोर 'यूईएफआय' किंवा 'लेगसी' असे लिहिलेले आढळते. लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरमधील 'फर्मवेअर' या फोल्डरात 'ईएफआय' नावाचे फोल्डर असेल, तर संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे असे समजावे.

त्यानंतर तीन गोष्टींची तयारी करावी. पहिली, महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाबाहेरील डिस्कवर घ्यावी. दुसरी, संगणक ज्यावरून सुरू होऊ शकेल असा पेन ड्राइव्ह बनवून ठेवावा आणि त्यावरून संगणक खरोखर सुरू होतो हे एकदा पाहावे. विंडोज ठेवायची असेल तर विंडोजचा, लिनक्स ठेवायचे असेल तर लिनक्सचा. संगणक बंद पडल्यानंतर हा पेन ड्राइव्ह बनवण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. तिसरी, विंडोजमध्ये बिटलॉकर ही कुलूपबंद करण्याची सोय सुरू असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. सुरू होण्याच्या पद्धतीत बदल झाल्याचे लक्षात येताच बिटलॉकर ती की मागू शकते. ती नसेल, तर बूटलोडर दुरुस्त होऊनही फाइली हाती लागत नाहीत.

लिनक्स काढून विंडोज ठेवायचे असेल तर

येथे क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. बहुतेक जण प्रथम लिनक्सचा भाग पुसतात आणि नंतर विंडोज सुरू होण्याची चिंता करतात. योग्य क्रम नेमका उलटा आहे.

जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकावर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून किंवा डीव्हीडीवरून संगणक सुरू करावा आणि दुरुस्तीच्या पर्यायातून कमांडची खिडकी उघडावी. 'बूटरेक' ही कमांड 'फिक्सएमबीआर' या पर्यायासह दिली की, पहिल्या कप्प्यातील ग्रबच्या जागी विंडोजचा प्रोग्रॅम लिहिला जातो. भागांच्या तक्त्याला ती धक्का लावत नाही. त्यानंतर पेन ड्राइव्ह काढून संगणक दोन वेळा सुरू करून पाहावा. विंडोज थेट सुरू झाली, तर लिनक्सचा भाग निश्चिंतपणे पुसावा. 'ग्रब रेस्क्यू'वर अडकलेल्या जुन्या संगणकालाही हाच उपाय लागू पडतो.

यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर काम सोपे आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू होण्याच्या क्रमवारीत 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आणावे. विंडोज निर्वेध सुरू होते हे पाहावे. मग अखेरचे एकदा लिनक्समध्ये जाऊन 'ईएफआय बूट मॅनेजर' या कमांडने, जिचे संक्षिप्त नाव 'एफिबूटएमजीआर' असे आहे, यादीतील ग्रबची नोंद काढावी. त्यानंतर लिनक्सचा भाग पुसावा आणि शेवटी ईएसपीमधील लिनक्सचे फोल्डर काढावे. ते फोल्डर तसेच राहिले तरी काही बिघडत नाही, केवळ थोडी जागा अडते.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ईएसपी हा भाग लिनक्सचा नाही आणि विंडोजचाही नाही. तो दोघांचा सामाईक असतो. अनोळखी छोटा भाग दिसला म्हणून तो पुसला, तर विंडोजचा बूटलोडरही त्याच्यासोबत जातो.

लिनक्स ठेवून ग्रब टाळायचा असेल तर

दुसरा वर्ग अशा वापरकर्त्यांचा आहे, ज्यांच्या संगणकावर केवळ लिनक्स आहे. एकच प्रणाली असताना मध्ये यादी दाखवणारा मध्यस्थ कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. तो रास्तही आहे.

बूटलोडरविना लिनक्स सुरू करण्याची कल्पना नवी नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा कर्नेलच्याच आरंभी फ्लॉपीवरून सुरू होण्याइतका छोटा प्रोग्रॅम जोडलेला असे. कर्नेल फ्लॉपीवर जशाच्या तसा लिहिला की, संगणक त्यावरून सुरू होई. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत ही सोय बंद झाली आणि बूटलोडर अपरिहार्य ठरला. मार्च २०१२ मधील ३.३ या आवृत्तीने हे चित्र पुन्हा पालटले. यूईएफआय जशी फाइल चालवू शकते, तसेच रूप कर्नेलला देण्याची सोय तीत झाली. या सोयीला 'ईएफआय स्टब' म्हणतात. तेव्हापासून यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर कर्नेल स्वतःच स्वतःचा बूटलोडर होऊ शकतो.

त्यासाठी कर्नेलची फाइल आणि तिच्यासोबत लागणारी आरंभीच्या साधनांची फाइल ईएसपीमध्ये ठेवावी लागते. मग त्या कर्नेलची नोंद मदरबोर्डच्या यादीत करावी लागते आणि लिनक्सचा मुख्य भाग कोणता, हे त्या नोंदीतच लिहावे लागते. एरवी ही माहिती ग्रब देत असतो. काही मदरबोर्ड नोंदीतील ही जादा माहिती कर्नेलपर्यंत पोचवतच नाहीत. अशा वेळी कर्नेल, आरंभीची साधने आणि ही माहिती यांची एकच फाइल बनवण्याचा मार्ग उपलब्ध आहे. तिला 'युनिफाइड कर्नेल इमेज' म्हणतात.

या कामात सर्वांत उपयोगी पडणारी सोय म्हणजे 'बूटनेक्स्ट'. 'एफिबूटएमजीआर' या कमांडने केवळ पुढील एका खेपेपुरती नवी नोंद वापरण्यास सांगता येते. नवी वाट चालली तर उत्तमच. न चालली, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, तो आपोआप जुन्या क्रमानुसार ग्रबकडे वळतो. ही चाचणी यशस्वी झाल्यावर आणि कर्नेलचे किमान एक अद्ययावतीकरण निर्विघ्न पार पडल्यावरच ग्रब काढण्याचा विचार करावा.

अद्ययावतीकरणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. उबुंटू किंवा डेबियनमध्ये कर्नेलच्या फाइलीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. नवा कर्नेल आला की नाव बदलते. ग्रब असताना त्याची यादी आपोआप सुधारली जाते. ग्रब नसेल, तर नवी फाइल ईएसपीमध्ये नेण्याचे आणि नोंद बदलण्याचे काम कोणीतरी करावे लागते. ते स्वयंचलित केले नाही, तर संगणक जुन्याच कर्नेलवर चालत राहतो. जुन्या कर्नेलचे जोडप्रोग्रॅम डिस्कवरून काढले गेले, की एके दिवशी नेटवर्क किंवा ध्वनी बंद पडल्याचे आढळते. जागेचाही प्रश्न आहे. विंडोजने बनवलेली ईएसपी अनेकदा अवघ्या १०० मेगाबाइटची असते. तीत कर्नेलच्या दोन आवृत्त्या मावणे कठीण जाते.

जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकांना हा मार्ग मोकळा नाही. तेथे पहिल्या कप्प्यात काही ना काही असावेच लागते. ग्रब नको असेल, तर 'सिसलिनक्स'सारखा लहान बूटलोडर बसवता येतो, परंतु बूटलोडर पूर्णपणे टाळता येत नाही.

सिक्युअर बूटचा पहारा

विंडोज ८ सोबत आलेल्या सिक्युअर बूट या सोयीने यात आणखी एक अट घातली. सुरू होताना चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर ओळखीची डिजिटल सही असावी, अन्यथा यूईएफआय तो चालवू देत नाही. बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टची सही ओळखली जाते. त्यामुळे लिनक्सच्या वितरकांनी 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. यूईएफआय शिमला ओळखते, शिम ग्रबला ओळखतो आणि ग्रब कर्नेलला पडताळून घेतो. ग्रब आणि शिम दोन्ही काढून कर्नेल थेट यूईएफआयसमोर उभा केला, तर त्यावरील वितरकाची सही यूईएफआयच्या परिचयाची नसते. मग एकतर सिक्युअर बूट बंद करावे लागते किंवा स्वतःची किल्ली बनवून तिची नोंद मदरबोर्डमध्ये करावी लागते. दुसरा मार्ग अधिक सुरक्षित असला, तरी तो अनुभवी वापरकर्त्यांनीच हाताळावा.

हा पहारा कधी कधी निरपराध्यालाही अडवतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजच्या सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणाबरोबर असुरक्षित ठरलेल्या जुन्या बूटलोडरना बंदी करणारी यादी आली. लिनक्सही असलेल्या संगणकांना ती लागू होऊ नये, असा हेतू होता. परंतु अशा अनेक संगणकांची ओळख पटली नाही आणि त्यांवरील लिनक्स सुरू होईनासे झाले. पूर्ण दुरुस्ती २०२५ च्या मे महिन्यात आली. वापरकर्त्याने काहीही न करता वाट बंद होऊ शकते, हे या प्रकाराने दाखवून दिले. पेन ड्राइव्हची तयारी केवळ बूटलोडर काढणाऱ्यांसाठी नाही, ती यासाठीच.

केवळ यादी नको असेल तर

अनेकांची तक्रार मुळात बूटलोडरविषयी नसते. संगणक सुरू होताना दिसणारी यादी आणि तिच्यापुढे थांबावे लागणारे दहा सेकंद त्यांना नको असतात. त्यांच्यासाठी ग्रब काढण्याची काहीच गरज नाही. 'ईटीसी' या फोल्डरमधील 'डिफॉल्ट' फोल्डरात ग्रबची एक साधी फाइल असते. तीत थांबण्याचा अवधी शून्य करावा, यादी लपवण्याचा पर्याय लिहावा आणि 'अपडेट-ग्रब' ही कमांड द्यावी. संगणक थेट लिनक्समध्ये जातो. अडचणीच्या वेळी सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबल्यास यादी पुन्हा प्रकट होते.

ही सोय क्षुल्लक नाही. नवा कर्नेल बिघडला, तर जुन्यावरून संगणक सुरू करणे, पडदा काळा राहिल्यास कर्नेलला तात्पुरती वेगळी सूचना देणे, ही कामे ग्रबच्या यादीतूनच होतात. ग्रब काढणारा वापरकर्ता या सोयींनाही मुकतो, याचा हिशेब आधी व्हायला हवा. मधला पर्यायही आहे. २०१२ मध्ये 'गमीबूट' नावाने सुरू झालेला आणि २०१५ पासून 'सिस्टमडी-बूट' या नावाने ओळखला जाणारा लहान बूटलोडर केवळ यूईएफआयवर चालतो. तो यादी दाखवतो, परंतु ग्रबचा बाकीचा पसारा त्याच्याकडे नाही.

जाणकारांनाही ग्रब नकोसा का झाला?

ग्रब टाळण्याची इच्छा केवळ हौशी वापरकर्त्यांपुरती राहिलेली नाही. अनेक प्रकारच्या डिस्क, अनेक फाइल पद्धती, नेटवर्क, अक्षरे, चित्रे हे सारे समजून घेण्याची क्षमता ग्रबमध्ये घालण्यात आली. कर्नेल जे करतो, त्यातील बरेचसे ग्रब स्वतंत्रपणे करू लागला. जितका पसारा, तितक्या फटी. २०१५ च्या डिसेंबरमध्ये स्पेनमधील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, ग्रबच्या संकेतशब्दापुढे बॅकस्पेसची कळ २८ वेळा दाबली असता त्याचे कुलूप ओलांडता येत होते. २०२० च्या जुलैमध्ये 'बूटहोल' नावाने ओळखला गेलेला दोष उघडकीस आला. ग्रबची मांडणी-फाइल वाचताना होणाऱ्या चुकीमुळे सिक्युअर बूटचा पहाराच चुकवता येत होता. दोन्ही दोषांवर दुरुस्त्या निघाल्या.

या पार्श्वभूमीवर रेड हॅटच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये 'एनएमबीएल' हा प्रकल्प मांडला. 'यापुढे बूटलोडर नको' असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे. ग्रबचे काम स्वतंत्र प्रोग्रॅमने करण्याऐवजी लिनक्सच्या कर्नेलकडूनच करून घ्यावे, कारण कर्नेलवर कितीतरी अधिक जणांची नजर असते आणि त्यातील दोष लवकर दुरुस्त होतात, अशी त्यामागील भूमिका आहे. एका कर्नेलमधून दुसऱ्या कर्नेलमध्ये जाण्याची 'केएक्सेक' ही सोय लिनक्समध्ये २००५ पासूनच आहे.

काढण्यापूर्वी सोपवा

ग्रब काढावा की ठेवावा, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. तांत्रिकदृष्ट्या तो काढता येतो, टाळता येतो आणि लपवताही येतो. त्यातील धोका मात्र तंत्रापेक्षा घाईत अधिक आहे. संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो ते पाहणे, फाइलींची प्रत घेणे, नव्या वाटेने संगणक एक-दोन वेळा सुरू करून पाहणे आणि त्यानंतरच जुनी वाट मोडणे, हा क्रम पाळला, तर काळा पडदा पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

तरीही ती आलीच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'ग्रब रेस्क्यू' ही ओळ माहिती नष्ट झाल्याची सूचना नव्हे. बूटलोडरला आपला पुढचा तुकडा सापडला नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. अशा वेळी कोणी फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला, तर त्याला थांबवावे, प्रथम पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि फाइली बाहेर काढून घ्याव्यात. आमच्या घरच्या त्या संगणकाला अखेर फॉरमॅटची गरज पडली नाही. पहिला कप्पा नव्याने लिहिला गेला आणि विंडोज पूर्ववत सुरू झाली. वडिलांची कागदपत्रे वाचली ती एखाद्या महागड्या उपायाने नव्हे, तर एक दिवस थांबल्यामुळे.